मागून आणलेली गाडी आणि न सांगितलेला खर्च



शेजाऱ्याची मोटार एका दिवसासाठी मागून आणणे ही आपल्या वऱ्हाडात नवलाची गोष्ट नाही. आईला अकोल्याच्या दवाखान्यात दाखवायचे असते, अमरावतीला कोणाचा निकाह असतो, परतवाड्याला मयतीला जायचे असते. किल्ली मागावी, समोरच्याने ती आनंदाने द्यावी, संध्याकाळी पेट्रोल भरून गाडी दारात उभी करावी. सूरह माऊनमध्ये अल्लाहने अशा लोकांची निर्भर्त्सना केली आहे, जे वापरण्याच्या साध्यासुध्या वस्तू शेजाऱ्याला देत नाहीत. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) सांगतात की प्रेषितांच्या (सल्ल.) काळात ‘माऊन’ म्हणजे बादली आणि भांडे उसने देणे असे सहाबा समजत. आज त्या यादीत मोटारसायकल आणि मोटार आली आहे. तेव्हा ‘गाडी कोणाला देऊच नका’ असा सल्ला देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

प्रश्न असा आहे की, किल्ली परत केली म्हणजे अमानतही परत झाली काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. दोन वर्षांपूर्वी अमरावतीला एक निकाह पढवायला जायचे होते. आमच्या मशिदीतील एका नमाजी बंधूंनी आपली गाडी दिली. रस्ता तर आता असा झाला आहे की शंभरएक किलोमीटर कधी सरतात ते कळत नाही. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या गावांदरम्यान ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे आपण जाणताच. महामार्गावर काही घडले नाही. घडले ते मंगल कार्यालयाच्या आवारात. गाडी बाहेर काढताना खिशातला फोन वाजला, मी तो पाहिला, आणि समोरचा सिमेंटचा खांब मला दिसला नाही. पुढचा बंपर, जाळी आणि एक दिवा फुटला, पत्रा दबला.

अकोल्याला पोहोचलो तेव्हा मालक म्हणाले, ‘इमामसाहेब, विमा आहे ना? जाऊ द्या.’ मी ‘जजाकल्लाह’ म्हटले आणि हलक्या मनाने घरी गेलो. त्या आठवड्याच्या जुम्याला माझ्या बयानाचा विषय कोणता होता, हे सांगायची मला आजही लाज वाटते. तो अमानत हाच होता.

वर्षभराने त्यांच्या दुकानात बसलो असताना विम्याच्या नूतनीकरणाचा कागद आला. मुलाने तो पाहून विचारले, ‘अब्बा, यंदा रक्कम इतकी कशी वाढली?’ त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, कागद हिशेबाच्या वहीखाली सरकवला आणि चहा सांगितला.

तो कागद मी नंतर मागून घेतला. विम्याचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाकडून समजून घेतला. जे समजले ते येथे सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी आपल्या गाडीची पॉलिसी कधी उघडून वाचलेली नसते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून पूर्ण संख्यांत मांडले आहेत.

दुरुस्तीचे बिल १४,००० रुपये झाले. त्यातले ८,००० रुपये प्लॅस्टिकच्या भागांचे होते. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, नायलॉन यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून वजा होते. म्हणजे ४,००० गेले. शिवाय प्रत्येक दाव्यामागे ठरावीक रक्कम मालकानेच सोसायची असते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला ती १,००० रुपये आहे आणि त्याहून मोठ्या गाडीला २,०००. रंगाच्या सामानातूनही कपात होते, तिचा हिशेब सोडून देऊ. कंपनीने ९,००० दिले, मालकांनी ५,००० खिशातून भरले.

एवढ्यावर संपले असते तर मी हा लेख लिहिला नसता. खरा खर्च पुढे होता. ज्या मालकाने वर्षभर दावा केला नाही त्याला पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात सवलत मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. हे बंधू अत्यंत जपून गाडी चालवणारे. त्यांनी ५० टक्क्यांची पायरी गाठलेली होती. एक दावा झाला की ही शिडी मुळापासून कोसळते. विम्याच्या या भागाचा मूळ हप्ता ८,००० धरला आणि तो तसाच राहिला असे मानले, तर ते आजवर ४,००० भरत होते. दाव्यानंतर पहिल्या वर्षी ८,०००, मग ६,४००, मग ६,०००, मग ५,२००, मग ४,४००, आणि तेव्हा कुठे पुन्हा ४,०००. जास्तीची बेरीज करा. १०,००० रुपये होतात.

पाच हजार अगोदर दिले, दहा हजार पाच वर्षांत जाणार. एकूण १५,०००. बिल तर १४,००० चे होते! म्हणजे विमा असूनही त्यांना विमा नसल्यापेक्षा हजार रुपये अधिक पडले, आणि खांब मात्र मी ठोकला होता. ‘विमा आहे ना’ या तीन शब्दांवर मी वर्षभर निश्चिंत झोपलो होतो.

घसारा न कापणारी आणि बोनस शाबूत ठेवणारी जोड-कलमे जास्तीचे पैसे भरून घेता येतात. ती ज्याच्याकडे असतील त्याचा हिशेब वेगळा होईल. परंतु गाडी मागताना ‘तुमच्या पॉलिसीत काय आहे?’ असे विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मीही विचारले नव्हते.

आता हा खर्च लपवला कोणी? मनात पहिले नाव येते ते कंपनीचे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एकदा मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीजवळून गेले, त्यांनी राशीत हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तर मग ते वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ओले धान्य राशीत होतेच, घेणाऱ्याच्या पदरात ते पडणारही होते. आक्षेप ते खाली दडलेले असण्याबद्दल होता. ज्या गावातल्या माणसाला इंग्रजी येत नाही त्याच्या हाती बारीक अक्षरातली इंग्रजी पॉलिसी देणे आणि ‘सगळे लिहिलेले आहे’ म्हणणे, याला राशीच्या तळाशी ठेवणेच म्हणावे लागेल. एजंटही काही कमी नाहीत. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम २०१८ मध्ये १५ लाख करण्यात आली, आणि २०१९ पासून असे आहे की एकाच मालकाच्या दोन-तीन गाड्या असल्या तरी हे संरक्षण एकदाच घेतले की पुरते. तरीही प्रत्येक गाडीच्या पावतीत ती रक्कम निमूटपणे जोडलेली मी लोकांना दाखवून दिली आहे. आपली पावती काढून पाहा.

पण माझ्या प्रकरणात कंपनीवर बोट ठेवून मला सुटता येत नव्हते. ओले धान्य आणखी दोन ठिकाणी झाकले गेले होते. मालकांनी ते भिडेपोटी झाकले. इमामाकडे पैसे कसे मागायचे? आणि मी ते स्वतःपासूनच झाकले, कारण न विचारणे सोयीचे होते.

शरीअतमध्ये मागून आणलेल्या वस्तूला ‘आरियत’ म्हणतात. वापरायला दिलेली, मोबदला नसलेली, परत करायची वस्तू. आपल्याकडे बहुसंख्य लोक हनफी आहेत, आणि हनफी मताप्रमाणे आरियत ही घेणाऱ्याच्या हाती अमानत असते. त्याचा काही दोष नसताना ती बिघडली किंवा नष्ट झाली तर त्याच्यावर भरपाई नाही. शाफई आणि हंबली मतात घेणारा जबाबदार धरला जातो. कोकणातील आपले बांधव शाफई आहेत, त्यामुळे हाच खांब रत्नागिरीत ठोकला गेला असता तर तेथील आलिमांनी फारशी चर्चा न करता बिल माझ्या हाती दिले असते. मात्र हनफी मतातली ही सवलत जेवढी ऐकायला मोठी वाटते तेवढी नाही. हलगर्जीपणा किंवा मर्यादेचे उल्लंघन झाले की अमानतदार जामीनदार होतो. जुन्या ग्रंथांत उदाहरण जनावराचे असते: अमुक ठिकाणापर्यंत म्हणून नेलेले जनावर त्यापुढे नेले की त्यानंतरची जोखीम नेणाऱ्याची. गाडी अमरावतीपर्यंत म्हणून मागायची आणि मुले हट्ट करतात म्हणून चिखलदऱ्याचा घाट चढायचा, याचा हुकूम आपणच ताडून पाहा. जनावराचा चारा आणि ते परत पोहोचवण्याचा खर्चही घेणाऱ्यावरच असतो. माझ्यापुरते सांगायचे तर गाडी हलत असताना फोन पाहणे हा हलगर्जीपणा नाही, असे सांगण्याचे धाडस कोणता मुफ्ती करील?

तरीही एक पळवाट उरली होती. मालकांनी ‘जाऊ द्या’ म्हटले होते. हक्कदाराने हक्क सोडला की ऋण संपते. पण ते म्हणाले तेव्हा त्यांना घसारा ठाऊक नव्हता, बोनस कोसळणार हे ठाऊक नव्हते. ठाऊक नसलेल्या हक्काची माफी खरी मानायची का? हा प्रश्न आपल्या फुकहांपुढे बाराशे वर्षांपूर्वीच आला होता. काजीच्या दृष्टीने अशी माफी लागू होते, यावर हनफी इमामांचे एकमत आहे. अल्लाह आणि दास यांच्यातल्या हिशेबात मात्र मतभेद आहे. इमाम मुहम्मद (रह.) म्हणतात, सुटका नाही; इमाम अबू यूसुफ (रह.) म्हणतात, सुटका आहे, आणि फतवा इमाम अबू यूसुफ यांच्या मतावर आहे. म्हणजे माझ्या हातात फतवा होता. मी तो घेऊन बसूही शकलो असतो.

मला बसू दिले नाही ते हुनैनच्या एका प्रसंगाने. हिजरी सन ८ मध्ये मक्का जिंकल्यानंतर त्या लढाईसाठी प्रेषितांनी (सल्ल.) सफवान बिन उमय्या यांच्याकडे चिलखते मागितली. सफवान तेव्हा मुसलमान झालेले नव्हते, आणि मक्केवर सत्ता मुसलमानांची होती. त्यांनी विचारले, ही जबरदस्ती आहे काय? उत्तर मिळाले की नाही, उसनी नेत आहोत आणि जबाबदारी आमची. लढाईनंतर मोजदाद झाली तेव्हा काही चिलखते हरवलेली आढळली. प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः होऊन विचारले की यांची भरपाई देऊ का? सफवान म्हणाले, नको, आज माझ्या हृदयात जे आहे ते त्या दिवशी नव्हते. या प्रसंगातला क्रम लक्षात घ्या. आधी मोजदाद, मग हानीचा उच्चार घेणाऱ्याच्या तोंडून, आणि त्यानंतर माफी. सफवान यांनी जे सोडले ते मोजून सोडले. मी मात्र मोजदाद होण्याआधीच माफी घेऊन मोकळा झालो होतो, आणि तीही अशा माणसाकडून, जो रोज पाच वेळा माझ्या मागे उभा राहतो.

येथे एक गंभीर बाब जोडणे भाग आहे, कारण बंपर पुन्हा बसवता येतो. आपल्या देशात गाडीचा विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नव्हे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांचे ऐकून काहीजण उलट समजतात. तेथे काही पॉलिसींत दुसऱ्याची गाडी चालवण्याची मुभा असते खरी, पण तीही बहुधा समोरच्याच्या नुकसानीपुरतीच. आपल्याकडे मागून आणलेल्या गाडीने कोणी जखमी झाला आणि परवाना, कागद सर्व नीट असले तर कंपनी त्या जखमीला भरपाई देते. पण चालवणाराच दगावला तर? २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात कर्नाटकातील इलकलहून आपल्या गावी मागून आणलेल्या मोटारसायकलवर निघालेला माणूस, पुढे लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी अचानक थांबल्याने तीवर आदळून वारला. न्यायालयाने म्हटले की मागून आणणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, आणि चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलमाखाली मालकाच्या विम्यातून मालकालाच भरपाई मागता येत नाही. दुसऱ्या कलमाखाली विचार करण्यासाठी ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले. २०२० च्या जानेवारीत आणखी एका प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले. त्या कुटुंबाने चूक असलेल्या दुसऱ्या वाहनावर दावाच केला नव्हता, आणि त्यांच्या हाती पॉलिसीतल्या मालकाच्या वैयक्तिक अपघात संरक्षणापोटी एक लाख रुपये आले. वर सांगितलेले १५ लाखांचे संरक्षण पॉलिसीच्या भाषेत ‘मालक-चालका’चे असते, म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याचे. मित्राची गाडी घेऊन निघणाऱ्या तरुणाच्या आईला हे कोणी सांगितलेले असते काय?

विमा मुळात जाइज आहे का, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. त्यावर या पानांतून पूर्वीही लिहिले गेले आहे. समोरच्याच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि सक्तीमुळे उलमांनी त्याला मुभा दिली आहे. १९८५ मध्ये जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विमा अमान्य करून परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याचा पर्याय सांगितला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा घ्यावा का आणि किती घ्यावा, याबाबत आपल्या मुफ्तींना विचारावे. भरलेल्या हप्त्यांइतकीच रक्कम वापरावी असे अनेकांचे मत आहे. मला येथे एवढेच म्हणायचे आहे की, ज्या पैशाच्या वैधतेबद्दलच इतकी सावधगिरी बाळगायची, त्या पैशावर दुसऱ्याच्या हक्काचा भार टाकून निश्चिंत होणे विचित्र आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती लवकर संपवतो, कारण ती सांगताना मन कडू होते. अपघात झाल्यावर चालकाचे नाव बदलण्याची रीत आपल्यात रुजली आहे. गाडी चालवत होता परवाना नसलेला भाचा, कागदावर नाव येते मामाचे. गाडी दिली होती भाड्याने, सांगायचे नातेवाईक म्हणून नेली होती. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही हे ठाऊक असते म्हणूनच तसे सांगायचे. एकदा ‘इमामसाहेब, तुम्ही सांगितले तर साहेब मानतील’ म्हणून मलाही बोलावणे आले होते. सूरह निसामध्ये स्वतःच्या, आईबापांच्या आणि नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी साक्ष खरी देण्याचा आदेश आहे. मी गेलो नाही. त्या घरचे लोक आता दुसऱ्या मशिदीत जातात.

माझ्या हिशेबाकडे परत येतो. कागदावर १५,००० ची मांडणी करून मी त्या बंधूंकडे गेलो. फतव्याची गोष्टही लपवली नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, ‘हे मला तेव्हा कळले असते तरी मी जाऊ द्या म्हटले असते. आता कळून म्हणतो, ते दहा हजार मी सोडले.’ मग थोडा वेळ गप्प राहिले. खालच्या आवाजात म्हणाले, ‘पण ते पाच हजार मी दुकानाच्या गल्ल्यातून दिले होते. दुकानात भावाचा निम्मा वाटा आहे. त्याचे मी कसे सोडू?’

वर्षभर ही गोष्ट त्यांच्या मनात होती. मी विचारले नसते तर ती तशीच राहिली असती, आणि भावाच्या अडीच हजारांसाठी कयामतच्या दिवशी उभे राहावे लागले असते ते मला की त्यांना, याचा निवाडा मला आजही नीट करता येत नाही. आम्ही पूर्ण पाच हजार गल्ल्यात परत करायचे ठरवले. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत ऋण लहान असो वा मोठे, ते लिहिण्याचा कंटाळा करू नका असे सांगितले आहे. त्यानुसार मुलाने कागद लिहिला, दरमहा १,००० रुपये, पाच महिने. शेवटचा हप्ता गेल्या शाबानमध्ये दिला.

त्यानंतर पुन्हा अमरावतीला जाण्याचा प्रसंग आला तेव्हा मेहुण्यांनी त्यांची गाडी देऊ केली. मी आधी पॉलिसी दाखवा म्हणालो. ते हसले, आत गेले, बराच वेळ कपाटात शोधत राहिले. कागद सापडला. मुदत संपून अकरा दिवस झाले होते. विमा नसलेली गाडी स्वतः चालवणे आणि दुसऱ्याला चालवायला देणे, दोन्ही गुन्हा आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला परत लावली, दुसऱ्याच दिवशी हप्ता भरायचे कबूल केले आणि मला स्टेशनवर सोडायला पायी आले. मी बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने गेलो.